पूजेतला फिल्टर

हयवदनला एखादी गोष्ट करू नको म्हणून सांगितलं की ती झालीच म्हणून समजावं. लहानपणी अम्माने इस्त्रीला हात लावू नको म्हटलं, तर याने तळहात टेकवून बघितला. मामांनी अमक्याशी भागीदारी करू नको म्हटलं, तर याने दुसऱ्याच दिवशी त्याच भागीदारीचे पेढे वाटले. पंचेचाळिशी उलटली तरी खोड जशीच्या तशी. त्यातून सांगणारी बाई असली तर विचारूच नका, आणि ती बाई धाकटी बहीण असली तर प्रत्यक्ष देव आडवा आला तरी स्वारी थांबायची नाही. मल्लेश्वरमच्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. अहल्येला तर कळायला लागल्यापासून ठाऊक होतं, आणि या नवरात्रात तिने आपला सगळा सूड त्याच एका खोडीवर उभा केला.

सूड कशाचा? गाडीचा.

गाडी अप्पांची. चौकोनी नाकाची, जुनी पेट्रोल गाडी. अप्पा कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले, पण रविवार त्यांनी कधी कुणाला दिला नाही. रविवारी बोनेट वर, एका बाजूला अप्पा आणि दुसऱ्या बाजूला परकर खोचलेली अहल्या. पुढे तिचं कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न होऊन ती जयनगरला गेली, तरी रविवारची हजेरी चुकली नाही. ब्रेक दोघांनी मिळून बदलले. दिव्यांची वायरिंग नवी ओढली. एका उन्हाळ्यात तर अख्खं इंजिन उतरवून व्हरांड्यात चादरीवर मांडलं, धुऊन पुसून परत चढवलं, आणि ते पहिल्या किल्लीला सुरू झालं तेव्हा अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. अहल्येच्या मनगटावर सायलेन्सरच्या चटक्याचा डाग आहे, तो त्या दिवसाचा.

इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढतं म्हणून अप्पांनी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा कापून, ठोकून एक वाकडी नळी बनवली होती. ती हेडलाइटच्या मागून थंड हवा आणून मूळच्या फिल्टरपेटीत सोडायची. दिसायला बेढब, पण कामाला चोख. पेटीत फिल्टर मात्र साधा कागदी. "बंगळूरची हवा म्हणजे अर्धं सिमेंट," अप्पा म्हणायचे. "फिल्टर घेताना डब्यावरची चित्रं बघायची नाहीत. कडेचं रबर बोटाने दाबून बघायचं, पेटीत घट्ट बसतो का बघायचं. जुना झाला की उन्हाला धरायचा. उजेड दिसला तर झटकून परत लाव, नाही दिसला तर नवा आण. एवढीच विद्या."

हयवदन या सगळ्यात कुठे होता? घरात, पंख्याखाली. पेट्रोलच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. पाना आणि पकड यातला फरक त्याला आजही सांगता यायचा नाही.

गेल्या वर्षी अप्पा आजारी पडले. दवाखान्यात, अम्मा आणि दोन्ही मुलं समोर असताना, ते स्वच्छ म्हणाले, "गाडी अहल्येची." हयवदनने मान हलवली, "होय अप्पा" म्हणाला. अप्पा गेले, दिवस झाले, आणि महिन्याभरात गाडी हयवदनच्या नावावर झाली. अम्माने तो दाखवेल तिथे सही केली. अहल्येने विचारलं तेव्हा हा म्हणतो, "लग्न झालेल्या मुलीला माहेरची गाडी कशाला? तुझ्या नवऱ्याकडे आहे की गाडी."

अहल्या तेही गिळून बसली असती. भावंडांत होतं असं. पण आयत्या बिळावरचा हा नागोबा नुसता बसून राहीना, फणा काढून डोलायला लागला. गाड्या सजवणाऱ्या हौशी लोकांच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये शिरला. बहुतेक मंडळी सर्जापूर रोडच्या मोठमोठ्या सोसायट्यांतली. मनस्विनीची, म्हणजे स्वतःच्या बायकोची स्कूटर तिला न विचारता देऊन टाकली आणि बदल्यात गाडीला चकचकीत चाकं आणली. ती बिचारी तेव्हापासून भाजीलासुद्धा बसने जाते. मग त्याने व्हिडिओ काढला. गाडीच्या टपावर हात ठेवून उभा, आणि म्हणतो, "या गाडीचं इंजिन मी आणि माझ्या वडिलांनी, आम्ही दोघांनी मिळून बांधलं."

अहल्येने तो व्हिडिओ ऑफिसात पाहिला आणि तिचे कान तापले. तिने मनगटावरचा डाग बघितला. मी नव्हतेच तर? त्या सगळ्या रविवारी अप्पांच्या समोर कोण उभं होतं?

त्या रविवारी ती माहेरी गेली आणि तिने बोनेट उघडलं. फिल्टरपेटी नव्हती. अप्पांची पत्र्याची नळीही नव्हती.

"ती? ती रद्दीवाल्याला दिली," हयवदन म्हणाला. "शी, डबडं होतं ते. लोक हसायला लागले."

अहल्येने बोनेट सावकाश खाली केलं. त्या दिवशी तिने ठरवलं की गाडी परत घ्यायची, आणि ती याच्या हातून, चार लोकांत याचं नाक कापून घ्यायची. मागून मिळाली तरी नको होती.

नवरात्रातल्या रविवारी सगळे मल्लेश्वरमला जेवायला जमले. पानं वाढली होती, मनस्विनी साराचं भांडं घेऊन वाढत होती. हयवदन हात धुऊन आला तो एक गुळगुळीत खोका घेऊनच. आत लाल कापडी जाळीचा, शंकूसारखा निमुळता फिल्टर, तोंडाला आरशासारखं कडं.

"बघ अहल्या, बघितलास कधी असला? धुऊन धुऊन वापरायचा. जन्मात बदलायला नको. पेटीबिटी काही नाही, सरळ इंजिनच्या नळीच्या तोंडावर. आवाज येतो तो असा की रस्त्यातले लोक वळून बघतात!"

अहल्येने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. वस्तू वाईट नव्हती. शर्यतीच्या गाडीला, मोकळ्या रस्त्याला, तेल लावून निगा राखणाऱ्या माणसाला ठीक होती.

"अण्णा, तुझ्या भल्याचं सांगते," ती म्हणाली. "हा घालू नको. आपल्याकडे जिथे तिथे बांधकाम, मेट्रोची खोदाई. कागदीच बरा. जुनी पेटी मिळते बाजारात, मी आणून बसवून देते."

"अप्पांच्या जमान्यातून बाहेर ये आता."

एवढी एक संधी तिने त्याला दिली. नंतर कुणी, स्वतःच्या मनानेसुद्धा, दिली नव्हती म्हणायला नको. मग तिने भातात खळगा केला, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "सरी, बरं, तुझी मर्जी. पण एक ऐक. आयुधपूजेला हा पान्यांच्या ओळीत मांडू नको. पूजेत बसलेली वस्तू दशमीची पूजा होईपर्यंत उचलायची नसते. मग नळीचं तोंड उघडं राहणार. आणि उघड्या नळीने इंजिन सुरू करायचं नाही हं, पाणी मारताना तर मुळीच नाही. पाणी आत ओढलं की खेळ खलास."

शब्दन् शब्द खरा होता. कुठल्याही मेकॅनिकने हेच सांगितलं असतं. फक्त फिल्टर पूजेत मांडायचं हयवदनच्या स्वप्नातही नव्हतं. आता ते त्याच्या डोळ्यांत उतरताना अहल्येने पाहिलं.

"का मांडू नको?" त्याची मान ताठ झाली. "गाडीतली सगळ्यात भारी वस्तू आहे ती. मधोमध मांडणार. आणि नवमीला ग्रुपमधले लोक बोलावतो, त्यांनाही बघू दे."

"अरे, ती सांगत्येय ते ऐक स्वल्प, जरा तरी," अम्मा म्हणाली.

"अम्मा, तुला यातलं काय कळतं? आणि हिला तरी काय कळतं?"

मनस्विनीचा डाव साराच्या भांड्यात क्षणभर थांबला, मग पुढच्या पानाकडे वळला. अहल्येने मान खाली घातली आणि पुरणाची होळगी मागून घेतली. मग आणखी एक मागून घेतली. कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

हिशेब तिने नीट केला होता. हयवदनला चार लोक दिसले की इंजिन सुरू केल्यावाचून राहवणार नाही. पूजेच्या गडबडीत गाडीवर पाणी पडणारच, आणि उघडी नळी त्यातलं थोडं ओढणारच. मंद चालणारं इंजिन थोडं पाणी प्यायलं तर खोकतं आणि बंद पडतं, बाकी काही होत नाही. प्लग काढले, पाणी उडवून दिलं, सुकवलं, झालं. तिला धक्का इंजिनला लावायचा नव्हता. तिला अण्णाचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं, इतकं की त्या गाडीकडे पुन्हा बघायची त्याला लाज वाटावी.

नवमीला ती जरीचं लुगडं नेसून मुद्दाम लवकर गेली. व्हरांड्यात केळीच्या पानावर अप्पांचे पाने ओळीने मांडले होते. हातोडी, पकड, अम्माची विळी, मनस्विनीची कात्री. आणि मधोमध, सगळ्यांच्या वर पाटावर, तो लाल फिल्टर. त्याला गंध, कुंकू, वर शेवंतीचं फूल. अहल्येने हात जोडले. देवालाच जोडले, पण नजर फिल्टरवर होती.

ग्रुपमधली मंडळी आली. त्यांच्यात पुढे होता विराज, पुण्याचा, मोबाइल आधीच वर धरलेला. आरती झाली. गाडीच्या नाकाला केळीचे खुंट बांधलेले, चाकांखाली लिंबं. हयवदनने कोहळा तीनदा ओवाळला आणि गाडीसमोर असा काही आपटला की गर बंपरवर, जाळीवर, सगळीकडे उडाला. टाळ्या पडल्या.

"सर, आता एकदा साउंड ऐकवा ना," विराज म्हणाला. "त्यासाठीच आलोय सगळे."

हयवदनने बोनेट उघडलं, किल्ली फिरवली आणि समोर येऊन उभा राहिला. उघडी नळी हवा ओढायला लागली आणि फिल्टर नसल्यामुळे आवाज आणखीनच दणदणीत आला. तो खुशीत आला. हात आत घालून त्याने अ‍ॅक्सिलरेटरची केबल बोटाने ओढली. इंजिन गुरगुरलं. "वा सर!" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मनस्विनी लगबगीने आली. एका हातात फडकं, एका हातात पाण्याचा चालू पाइप. "गर वाळला तर निघायचा नाही हो," ती म्हणाली. हयवदनने न बघताच पाइप घेतला आणि एका हाताने केबल ओढत दुसऱ्या हाताने जाळीवर, बंपरवर पाणी मारायला सुरुवात केली.

इंजिन खोकलं. आता बंद पडेल, अहल्येला वाटलं. पडू दे. ती ओठ दाबून वाट बघत राहिली. पण हयवदनला ते खोकणं आवडलं नाही. लोकांसमोर गाडी विझते म्हणजे काय? त्याने केबल आणखी ओढली. इंजिन भडकलं, आणि पाण्याची धार नळीच्या तोंडावरूनच फिरली.

भरधाव फिरणारं इंजिन पाणी प्यायलं तर नुसतं बंद पडत नाही, आतून मोडतं. मंद इंजिन आणि भडकलेलं इंजिन यातला फरक तिच्याइतका तिथे कुणालाच कळत नव्हता. चादरीवर मांडलेलं, अप्पांनी एकेक भाग पुसून तिच्या हातात दिलेलं ते इंजिन. ती पायऱ्या उतरून धावली.

"अण्णा, केबल सोड! ओढू नको ती!"

हयवदनने तिच्याकडे पाहिलं. ती काय करून बसली हे तिला शब्द तोंडातून सुटल्यावर कळलं. तो हसला, आणि त्याने केबल पार शेवटपर्यंत ओढली.

टक्.

एवढाच आवाज झाला. मग सगळं गप्प. पाइपातलं पाणी तेवढं बंपरवर पडत राहिलं.

हयवदन जाऊन किल्ली फिरवायला लागला. स्टार्टर एकदा कण्हला आणि अडला. पुन्हा फिरवली, पुन्हा अडला. विराज मोबाइल धरूनच बोनेटमध्ये वाकला.

"सर, फिल्टर कुठाय?"

हयवदनने व्हरांड्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पाटावर शेवंती डोक्याला लावून फिल्टर बसला होता.

"पूजेत," हयवदन म्हणाला.

पहिल्यांदा एकजण हसला, मग हसू कुणालाच आवरेना. विराज म्हणाला, "अहो, निदान प्लग तरी काढून बघू. पाना आणा." हयवदन पान्यांच्या ओळीकडे निघाला तशी अम्मा मध्ये उभी राहिली. "बेडा, नको. दशमीची पूजा झाल्याशिवाय एकाही पान्याला हात लागायचा नाही. तुझ्या अप्पांनीही कधी लावला नाही."

"विराज, तुमच्याकडे असतील ना हत्यारं?"

"माझीही पूजेतच आहेत सर. सोसायटीच्या."

मग तो अंगणात उभा राहिला. ओला सदरा, हातात पाइप, अंगावर कोहळ्याचा गर. पाहुणे चहाही न घेता एकेक करून निघाले आणि जाता जाता त्याच्या त्या 'इंजिन आम्ही बांधलं'वाल्या व्हिडिओबद्दल बोलत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. अहल्येने भावाचा चेहरा अगदी डोळे भरून बघितला. हेच हवं होतं तिला, आणि मिळालं तेव्हा ते तितकंच गोड लागलं. खोटं का बोला. पण कानात तो टक् बसला होता. तो काही केल्या जाईना.

दशमीला सकाळी पूजा उतरली. पहिला पाना अहल्येने उचलला, अप्पांचा, प्लगचा. प्लग काढले तसं पाणी उडालं. मग तिने पुढची पुली पान्याने हळूहळू फिरवली आणि एकेका भोकात लांब स्क्रूड्रायव्हर सोडून पिस्टन किती वर येतो ते पाहिलं. पहिला आला. दुसरा आला. तिसरा बोटभर खालीच राहिला. तिने परत फिरवून बघितलं. तिसरा खालीच.

"पिस्टनचा रॉड वाकलाय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बारीक निघाला.

हयवदन व्हरांड्यात बसूनच ओरडला, "तुझीच नजर लागली! पहिल्यापासून डोळा होता तुझा या गाडीवर!"

"नजर?" अम्मा दारात आली. "तिने पानावर बसून सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, करू नको म्हणून. आणि तुझे अप्पाही सगळ्यांच्या देखत सांगून गेले होते. सही केली ती माझी चूक झाली. गाडी आजच्या आज तिच्याकडे जाऊ दे."

"जाऊ दे की! भंगार आहे ते. भंगारवाल्यालाच बोलावणार होतो मी."

अशी गाडी मिळाली. अहल्येने टोइंगचा ट्रक बोलावला. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही, हयवदन शेवटपर्यंत फाटकापर्यंत आला नाही. ट्रक निघताना मनस्विनी पदराला हात पुसत आली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. "मी किल्ली देऊन येते," तिने घराकडे बघून सांगितलं. किल्ली तर अहल्येच्या हातातच होती.

जयनगरच्या इमारतीच्या तळघरात गाडी उतरवली. अहल्येने बोनेट उघडलं आणि तशीच उभी राहिली. डोळे भरून आले. कुणासाठी ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"वहिनी, मला फक्त त्याचं नाक कापायचं होतं," ती म्हणाली. "अप्पांचं इंजिन नव्हतं मोडायचं. मी सांगितलं तर तो उलटंच करणार हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं मी."

"मलाही माहीत होतं," मनस्विनी म्हणाली. "सार वाढताना ऐकलं ना मी सगळं. पाणी आत गेलं की खेळ खलास, तुम्हीच म्हणालात."

अहल्येने वळून बघितलं.

"ह्यांनी पाइप मागितला नव्हता, अक्का. माझ्या एका हातात फडकं होतं, एका हातात पाइप. गर पुसायला फडकं पुरलं असतं." मनस्विनीने पिशवीतून तो लाल फिल्टर काढून गाडीच्या टपावर ठेवला. कुंकू अजून तसंच होतं. "माझी स्कूटर मी पहिल्या पगारातून घेतली होती. मला विचारलंसुद्धा नाही."

अहल्येने फिल्टर उचलून बाजूला ठेवला. मग अहल्येने लुगड्याचा पदर खोचला, अप्पांच्या पान्यांची गुंडाळी बोनेटवर उघडली आणि त्यातला एक पाना मनस्विनीच्या हातात दिला.

"धरा. समोरच्या बाजूला उभ्या राहा. रॉड नवा मिळेल, वेळ लागेल पण होईल," ती म्हणाली. "आणि किल्ल्या दोन करायच्या. एक तुमच्याकडे राहील."

मनस्विनीने पाना उलटसुलट करून बघितला, चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि अहल्या ज्या बाजूला उभी राहायची त्या बाजूला जाऊन उभी राहिली.